हॉटेलचा बोर्ड, घरच्या भिंतीवर

आमच्या अमरावतीच्या घरात जेवणाच्या टेबलामागे एक कोरी भिंत होती. ती कोरीच राहू दिली असती, तर माझी अब्रू शाबूत राहिली असती.

पण दिवाळीत नात आकांक्षा पुण्याहून आली आणि म्हणाली, "आबा, इथे मस्त वॉल आर्ट करा ना! कॅफेसारखं."

मी संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. पीएच.डी. 'अनिश्चिततेतील निर्णय' या विषयात. (भाजी कोणती घ्यावी हे विचारायला मी बाजारातून घरी दोनदा फोन करतो.) या वेळी मात्र निर्णय झटकन झाला. गुडघ्यांमुळे माझ्या बायकोचं, कौशल्याचं, बाहेर जाणं थांबलं होतं, आणि त्याबरोबर हसणंही. ती हॉटेलात येऊ शकत नाही ना, मग हॉटेलच घरी आणू!

आणि कोणतं, तर लग्नानंतर आठव्या दिवशी अकोल्याच्या जुन्या शहरात मी तिला नेलं होतं, ते. लाजून बिचारीने घाससुद्धा घेतला नव्हता. आज तिथे मोबाइलचं दुकान आहे. पण तिथला काळा बोर्ड मला अठ्ठेचाळीस वर्षांनीही पाठ होता: आलुबोंडा, सांभारवडी, मूगवडा, कढी... आणि तळाशी 'फालतू बसू नये'.

देवमन पेंटरला बोलावलं. उभी हयात दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. सांभारवडी (पुण्याची कोथिंबीरवडी) दुसऱ्या ओळीत की तिसऱ्या, यावरून मी त्याला तीनदा पुसायला लावलं.

"सर, पेपर तपासून राहिले का?" तो वैतागला. "बोर्ड हाय हा. भूक लागली का माणूस कसंई वाचते."

चार दिवस कौशल्याला मी तिकडे फिरकू दिलं नाही. लग्नाच्या वाढदिवशी आलुबोंडे आणवले आणि हात धरून तिला भिंतीसमोर उभं केलं. देवमनही शाबासकी घ्यायला हजर होता.

"हे काय होय?" ती म्हणाली.

"ओळखलं नाहीस? आपलं अकोल्याचं हॉटेल!"

"म्या हा बोर्ड पाह्यलाच नाही."

मी बोर्डाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. (मी दुसऱ्याच कुणाला नेलं होतं की काय? पण तेवढं धाडस माझ्यात कधीच नव्हतं.)

"कशी पाहीन? वेटरनं मले सरळ फॅमिली रूममध्ये बसवलं अन् परदा ओढला. तुमी म्हणाले, 'काय मिळते ते पाहून येतो.' अर्धा घंटा आलेच नाही! परद्याखालून तुमच्या चपला तेवढ्या दिसत. या पायावरून त्या पायावर."

"मग तू काय केलंस?"

"दोन आलुबोंडे खाल्ले. वेटरले म्हटलं, सायबाले सांगू नको."

"आणि मी आल्यावर भूक नाही म्हणालीस!"

"पोट भरलं होतं ना!"

आणि ती हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला अठ्ठेचाळीस वर्षांची माझी समजूत ढासळल्याचं दुःखही नीट करता येईना.

"आता बोर्ड लावलाच, तं पुरं करा," ती डोळे पुसत म्हणाली. "परदा कुठाय?"

देवमनने लगेच दोरी बांधली. टेबल आणि भिंत यांच्या मधोमध जुनी चादर लटकली. कौशल्या आत टेबलाशी बसली. मीही पाठोपाठ आत शिरलो. या खेपेला एका मिनिटाचाही उशीर नाही!

"बोला, काय मागवता?" बाहेरून देवमनने वेटरच्या थाटात विचारलं.

मी विचारात पडलो. आलुबोंडा... पण सांभारवडी आणवता आली असती तर... बोर्डावर एकदा नजर टाकून यावी म्हणून मी उठलो.

मी बाहेर पोहोचतो न पोहोचतो, तोच पडद्याआडून आवाज आला, "देवमनभाऊ, माह्यासाठी दोन आलुबोंडे आणा. सरले वेळ लागन."