एका बाजूची फोर्चेल्ला

निवड करावी तर दुइलियोनेच, असं आमच्या गावात कुणीही म्हणत नाही. म्हणून बिचारा दुइलियो ते स्वतःच म्हणतो!

"चाळीस वर्षं चष्म्याच्या कारखान्यात काढली," तो सांगतो. "समोरच्याचं नाक बघितलं की फ्रेमचं माप तोंडातून बाहेर! आणि एक सायकलचा फोर्क मला निवडता येणार नाही?"

निमित्त मनगटांचं झालं. जन्मभर फ्रेमा घासून दुइलियोची मनगटं पार कामातून गेली होती. निवृत्त झाल्यावर त्याने डोंगरात चालवायची सायकल घेतली, पण जंगलातल्या मुळ्या-दगडांवरून ती अशी हादरायची, की संध्याकाळी सुपाचा चमचा तोंडाशी येईपर्यंत निम्मं सूप मिशांत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सायकल सोडा. दुइलियो म्हणाला, डॉक्टर सोडतो. शेवटी त्याने आपली आपणच तडजोड काढली: बायकोला न सांगता, पुढचं चाक दोन पायांत धरणारा जो फोर्क, तो धक्के गिळणाऱ्या शॉकअपचा बसवायचा.

जानेवारीत शोध सुरू झाला. एखाद्याने सरळ दुकानात जावं, फोर्क घ्यावा, बसवून यावं. पण दुइलियो निवड करत होता! त्याने गुपचूप पत्रकं मागवली. रस्त्यात सायकलवाल्या पर्यटकांना अडवून त्यांच्या फोर्कवर वाकून वाकून बघितलं. एका जर्मन माणसाशी तर दोघांनाही एकमेकांची भाषा येत नसताना तासभर वाद घातला आणि जिंकून आला! सगळे फोर्क त्याला सारखेच वाटत होते. ऑगस्टमध्ये मोरेनोच्या सायकलच्या दुकानात भिंतीला टांगलेला एक फोर्क त्याने पाहिला आणि तो जागच्या जागी विरघळला. त्या फोर्कला एकच पाय होता. डावा! उजवीकडे काही म्हणजे काही नाही.

"चाक निसटत नाही?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"नाही, बार्बा," मोरेनो म्हणाला. आमच्याकडे काकाला आणि काकाच्या वयाच्या सगळ्यांनाच बार्बा म्हणतात. "दिसतो लंगडा, पण भल्याभल्या दोन पायवाल्यांना भारी आहे."

"एका काडीचा चष्मा!" दुइलियो पुटपुटला. त्याचे डोळे भरून आले होते.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आमच्या डोलोमाइटच्या डोंगरांत बेचक्यासारखं जे जे दिसेल ते ते फोर्चेल्ला. सायकलचा फोर्क म्हणजे फोर्चेल्ला, आणि दोन सुळक्यांमधली खिंड, तीही फोर्चेल्लाच. सहसा घोळ होत नाही. खिंड कुणी सायकलला बसवत नाही आणि फोर्कवर कुणी डबा घेऊन सहलीला जात नाही.

सहलीला जायची हौस दुइलियोच्या बायकोला, नीवेसला. लग्नाच्या वाढदिवसाला दोघांनी एका नव्या खिंडीवर चढायचं, वर बसून जेवायचं आणि उतरायचं, हा त्यांचा नेम. चौतीस वर्षं, चौतीस खिंडी, आणि चौतीसच्या चौतीस नीवेसने निवडलेल्या. दुइलियो आपला मागून डबा घेऊन. गेल्या नाताळात मात्र ती म्हणाली, "या वर्षी तू निवड. मी एक शब्द बोलणार नाही. जन्मात एकदा तरी मला तू होऊन कुठेतरी ने."

"नेतो की!" दुइलियो म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला. पण जानेवारीत एका कानातून फोर्क शिरला आणि दुसऱ्या कानातून वचन निघून गेलं. नीवेसने मात्र शब्द पाळला. सुपात मीठ कमी पडलं तरी जिला गप्प बसवत नाही, ती बाई सात महिने गप्प बसली. यावरून तिला त्या खिंडीची केवढी आस होती ते तुम्हीच ओळखा.

आणि मंगळवारी, वाढदिवसाला पाच दिवस उरलेले असताना, दुइलियोने बोळातून मोरेनोला फोन लावला. डॉक्टरीणबाईंची बाजू घेणारी बायको स्वयंपाकघरात बीट सोलत होती, म्हणून तो आपल्या मते कुजबुजत होता. चाळीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाची कुजबुज समोरच्या चर्चमध्ये ऐकू जाते!

"ठरलं! हीच फोर्चेल्ला!... अरे, आपल्या खोऱ्यात हिच्यावर आजवर कुणी गेलेलं नाही... डावीकडे सगळा आधार, उजवीकडे नुसती हवा! वा!... रविवारी सकाळी मी हिच्यावर असणार म्हणजे असणार... छे छे, नीवेसला एवढ्यात नको. तिला एकदम दाखवीन."

नीवेसच्या हातातलं बीट गळून पडलं. तिने डोळे पुसले. डोळ्यांभोवती लाल रंग लागला, तरी पुसतच राहिली. मग तिने बहिणीला फोन केला.

तिची बहीण एदेरिना टीव्हीवरच्या खुनाच्या मालिका सोडून दुसरं काही बघत नाही.

"डावीकडे आधार आणि उजवीकडे हवा?" एदेरिनाने विचारलं.

"हो गं!"

"कुणी जात नाही तिथे?"

"कुणीच नाही! किती शोधली असेल बिचाऱ्याने!"

"आणि तुला सांगायचं नाही म्हणाला?"

"एकदम दाखवणार आहे."

एदेरिनाने टीव्हीचा आवाज बंद केला. "नीवेस, त्याने तुझा विमा काढलाय का?"

"एदेरिना! तुझी जीभ झडो!"

"झडू दे. मी रविवारी येतेय. दोरी घेऊन येतेय."

बुधवारी दुपारी दुइलियोच्या ताटात कासुन्झिएई पडल्या. बीट भरलेल्या उकडलेल्या करंज्याच म्हणा, वर वितळलेलं लोणी आणि खसखस. सणासुदीचा पदार्थ, आणि वार बुधवार! दुइलियोने काटा उचलला, पण आधी बायकोकडे चोरून बघितलं.

"मला सगळं कळलंय," नीवेस म्हणाली.

दुइलियोचा काटा हवेतच राहिला. "फोर्चेल्लाचं?"

"बोळातून ओरडत होतास ना."

"आणि... तू रागावली नाहीस?"

"रागावू? रडले मी! आनंदाने!"

दुइलियोच्या छातीवरचा धोंडा उतरला. असली बायको मिळायला भाग्य लागतं! तो भडाभडा बोलायला लागला. "अगं, सात महिने शोधत होतो! एकसुद्धा पसंत पडेना. आणि ही दिसली, आणि मनाने सांगितलं, हीच!"

"सात महिने!" नीवेसने त्याचा हात धरला. "मला वाटत होतं, तू विसरलास."

"विसरतो? रात्री झोपेत दिसायची!"

"फार खडबडीत नाही ना?"

"लोण्यासारखी! खड्डा आला तरी अंगाला कळणार नाही."

"आणि वर-खाली किती?"

"एकशे तीस," दुइलियो अभिमानाने म्हणाला.

"फक्त एकशे तीस?" नीवेसचा आवाज कापला. "आपण आजवर हजार-हजार मीटर चढलोय. दुइलियो, तू माझ्या गुडघ्याचा विचार केलास!"

दुइलियोला फोर्क दबण्याच्या एकशे तीस मिलिमीटरचा आणि बायकोच्या गुडघ्याचा संबंध लागेना. पण बायको कौतुक करत असताना मध्ये शंका काढू नये, एवढं पस्तीस वर्षांत तो शिकला होता. तो नुसता हसला.

"वर जेवायला बसायला जागा आहे?" नीवेसने विचारलं. "एखादा बाक वगैरे?"

"फोर्चेल्लावर बाक?"

"चौतीस वर्षं मीच निवडत आले रे," ती ताटपुसण्याने डोळे टिपत म्हणाली. "ही पस्तिसावी. तुझी पहिली."

आता कुठे दुइलियोच्या डोक्यात प्रकाश पडला. नाताळ आठवला, वचन आठवलं, आणि समोर लाल डोळ्यांनी हसणारी बायको बसलेली. खरं सांगावं? त्याने तोंड उघडलं. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मिटलं. त्या चेहऱ्यावर असा आनंद त्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि तो आपल्या हाताने पुसायचा म्हणजे त्याला ब्रह्महत्या वाटायला लागली.

"बाक आहे," तो म्हणाला.

झालं! तडक मोरेनोचं दुकान गाठलं.

"मोरेनो, मला फोर्चेल्ला हवी!"

"बसवतोय की, बार्बा."

"ती नव्हे! डोंगरातली! चढ एकशे तीस मीटर, डावीकडे कडा, उजवीकडे हवा, वाट लोण्यासारखी, वर बाक, आणि आजवर कुणी पाहिलेली नसावी. रविवारपर्यंत!"

मोरेनोने पाना खाली ठेवला. सगळी हकिकत ऐकली. "बार्बा, त्यापेक्षा काकूंना खरं सांगून टाका."

"तुझं लग्न झालंय?"

"नाही."

"तेच म्हटलं!"

मोरेनोला कीव आली. दोघांनी नकाशा पसरला. दुइलियो एकेका रेषेवरून बोट फिरवत होता आणि दर वेळी विचारत होता, "इथे उतरताना गुडघा दुखेल का रे?" गुरुवारी दोन वाटा चालून पाहिल्या, एकीवर सुटे दगड होते, दुसरीवर पायऱ्या फार उंच. शुक्रवारी जुन्या खाणीच्या मागे, लार्चच्या जंगलाच्या टोकाला एक खिंड सापडली. इवलीशी, नकाशावर नावसुद्धा नाही. वाटेवर सुयांसारख्या पानांचा मऊ थर. डावीकडे कडा, उजवीकडे हवा. एकच उणीव, बाक!

शनिवारी दुइलियोने सरपणाच्या खोपटातली फळी आणि दोन ओंडके पाठीला बांधले, नवा फोर्क बसवलेल्या सायकलवर टांग मारली आणि खिंड चढला. फोर्कने हूं की चूं केलं नाही. पाठीने मात्र केलं!

रविवार उजाडला. नीवेसने निळा रुमाल बांधला होता. एदेरिना डोक्यावर हेल्मेट आणि खांद्यावर चाळीस मीटर दोरी घेऊन हजर! आल्या आल्या तिने दोरीचं एक टोक बहिणीच्या कमरेला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या.

"हे काय?" दुइलियोने विचारलं.

"तुला माहीत आहे काय ते," एदेरिना म्हणाली.

दुइलियोने जेवणाची टोपली सायकलच्या हँडलला अडकवली आणि वरून चौकड्यांचा टेबलक्लॉथ असा सोडला, की पुढचा फोर्क पुरता झाकला गेला. सायकल ढकलत तो पुढे, मागे दोरीने बांधलेल्या दोघी बहिणी. अशी ती वरात निघाली.

वर पोचल्यावर नीवेसने रुमाल मागे सारला. समोर अख्खं खोरं उघडं पडलं होतं. ती बाकावर बसली, गुडघ्यावरून हात फिरवला. "दुखला नाही," ती हळूच म्हणाली. एका अर्थी सगळं साधलं होतं. गप्प बसला असता तर जन्मभर खपून गेलं असतं!

पण एदेरिनाला भूक लागली. तिने टेबलक्लॉथ ओढला आणि किंचाळली.

"खून! सायकलचा पाय तोडलाय! एकच पाय उरलाय! बघ, बघ, उजवीकडे काहीच नाही!"

नीवेसने मान वळवली. फोर्ककडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"डावीकडे सगळा आधार," ती सावकाश म्हणाली. "उजवीकडे नुसती हवा."

दुइलियोने टोपी काढून हातात धरली.

"एकशे तीस?"

"मिलिमीटर."

"म्हणजे माझा गुडघा..."

"गुडघ्याचा विचार बुधवारपासून केला," दुइलियो म्हणाला. "पण तेव्हापासून दुसऱ्या कशाचाच केला नाही, देवाशप्पथ! मी विसरलो होतो, नीवेस. पार विसरलो होतो. तू एवढी खूश झालीस, मग माझ्याच्याने सांगवेना."

एदेरिनाने खबरदारी म्हणून दोरी ताणून धरली. कोण कोणाला ढकलेल याचा आता भरवसा नव्हता.

"खिंड शोधायला किती दिवस लागले?" नीवेसने विचारलं.

"तीन."

"आणि हा लंगडा?"

"सात महिने."

"आणि मला निवडायला रे?"

दुइलियोचं खोटं बोलून झालं होतं. "एक नाच. संत रोकोच्या जत्रेतला."

"तो नाच पुरता तरी झाला होता का?"

"अर्धाच. मग अकॉर्डियनवाला वाइन प्यायला गेला."

नीवेसचे ओठ थरथरले. आधी वाटलं रडतेय. मग ती अशी हसत सुटली, की बाक गदगदा हलायला लागला. हसता हसता उठली, कमरेची दोरी सोडून एदेरिनाच्या हातात दिली, टोपली काढून दुइलियोच्या, आणि सायकलचं हँडल धरलं.

"सात महिन्यांत काय मिळालं ते बघू तरी!"

"नीवेस, उतार आहे!"

"बेकरीवाल्याची मुलगी आहे मी! सायकलवरून तीन गावांत पाव टाकून मग शाळेत जायचे. आणि उताराला पायडल कुठे मारायचं असतं?"

आणि गेली की! निळा रुमाल लार्चच्या झाडांत दिसेनासा झाला. दुइलियो एका हातात टोपली आणि मागे "पकडा तिला!" म्हणत दोरीत पाय अडकणारी मेव्हणी घेऊन धडपडत खाली आला. मनात नाही नाही ते येत होतं. खाणीशी नीवेस सायकलला टेकून उभी. गाल लालबुंद, रुमाल मानेवर, वय पंचवीस.

"मनगटांना काही म्हणजे काही कळत नाही रे!" ती म्हणाली.

"सांगत होतो ना!" दुइलियो खुलला. "लोण्यासारखी!"

"खरंच फार छान निवडलीस."

"म्हणजे माफ केलंस?"

"म्हणजे ठेवून घेतली," नीवेस म्हणाली आणि परत टांग मारली. "तू तुझ्यासाठी दुसरी बघ. आणि उगाच घाई करू नकोस, चांगले सात महिने घे!"