देऊळघाटच्या न्हाणीवरील मोहीम

थोरांच्या लढाया थोरांनी लिहिल्या. देऊळघाटच्या न्हाणीतील लढाई कोणी लिहीना, सबब आम्हांस लेखणी धरणे प्राप्त जाहले. ज्यास हसू येईल त्याने पदर वा रुमाल तोंडास लावोन पुढे ऐकावे.

बुलढाणे मुक्कामी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकविणाऱ्या विद्याधुरंधर मंजुश्री मॅडम या आपली जुनी शिष्या जयमाला इचे सासरी, देऊळघाटी, जेवावयास आल्या, आणि रिवाजाप्रमाणे पाय धुवावयास न्हाणीत गेल्या, आणि टाच घासावयाचा दगड हाती घेतला, मग तैशाच उकिडव्या बसोन राहिल्या. दगड कसला, साक्षात मत्स्य. सासरे भगवानराव यांनी विहीर खणतेसमयी काळ्या खडकाखालच्या चुनखडीतून तो निघाला, आणि खरखरीत म्हणोन न्हाणीत रुजू जाहला. अंगभर खवले, आणि पोहावयाच्या परांत हाडे, जैसी आपुल्या दंडात असतात तैसी. ऐसा मासा कोण्या ग्रंथी नोंदला नव्हता. परंतु सासूबाई मनकर्णाबाई नित्य टाच घाशीत त्या नेमक्या परांवर. एक पर गारद जाहला होता. दुसरा दिवाळीच्या अभ्यंगापावेतो टिकेल ऐसी उमेद नव्हती, आणि तो गेला म्हणजे नवी जात सिद्ध करावयास पुरावाच उरत नव्हता.

मग मॅडमांनी अर्जी गुदरली की दगड संग्रहालयास द्यावा. मनकर्णाबाईंचा जबाब आला, "काऊन देऊ? माह्या टाचायले दुसरं काहीच मानवत नाई." मग मॅडमांनी बाजारची उंची वजरी नजर केली, ती बाईंनी एकवार घासोन कोनाड्यात टाकिली. मग भगवानरावांकडे वशिला लाविला. त्यांनी न्हाणी आपुल्या अंमलाखाली येत नाही ऐसे कबूल करोन शेताची वाट धरिली. नवरे लोकांची मर्दुमकी ती एवढीच.

सर्व मोर्चे फसले, तेव्हा मॅडम हताश होवोन बोलोन गेल्या की मावशी, साडेसहा कोटी वर्षांचा जीव हा, आणि याचे अजून नावसुद्धा ठेविलेले नाही. हे ऐकताच मनकर्णाबाईंची मुद्रा पालटली, आणि फर्मान सुटले, "बिननावाचं लेकरू मी घरातून जाऊ देत नसते. पह्यले बारसं, मंग कुठं न्यायचं तिकडं न्या."

तह ठरला. पाळणा बांधिला, घुगऱ्या शिजल्या, आळीतील बायका जमल्या, मत्स्यास कुंची घातली, आणि आत्येचा मान मॅडमांस दिला. आता पेच ऐसा की शास्त्राची शिस्त कडक, नाव मासिकात छापोन येईतो षट्कर्णी होऊ नये. मग मॅडमांनी ओणवे होवोन ते माशाच्या कल्ल्यापाशीच कुजबुजले, कारण कान सापडेना, आणि रिवाजाप्रमाणे पाठीत बुक्क्या बसल्या. बायकांनी नाव पुसिले. मॅडमांनी सांगितले नाही. मनकर्णाबाईंस ते फार लागले. आपल्याच घरच्या लेकराचे नाव आपणांपासून चोरावे याचा राग येवोन त्यांनी एक बुक्की अंमळ जोराचीच हाणिली, आणि मॅडम मत्स्य घेवोन निघाल्या तेव्हा 'या' सुद्धा म्हणाल्या नाहीत.

मग मॅडमांनी मासिकास लेख धाडिला, तेव्हा तेथील परीक्षकांचे खलिते आले की डाव्या पराची झीज नदीच्या ओघाने किंवा कैसे; मॅडमांनी इमानाने लिहिले, टाचेने. पुढे मजकूर छापोन आला. मॅडम अंक घेवोन देऊळघाटी गेल्या, आणि जयमालेने सासूस वाचोन दाखविले की या मत्स्यास यापुढे हरएक मुलखात 'मनकर्णी' ऐसे म्हणावे. मनकर्णाबाईंनी पदराने डोळे पुसिले, मग म्हणाल्या, "तवाच सांगतलं असतं तं म्या बुक्की हळू मारली असती."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. मत्स्य काचेच्या कपाटात सुखरूप, एक पर शाबूत. मनकर्णाबाईंच्या टाचा तेवढ्या फुटल्या, आणि त्या येणाऱ्याजाणाऱ्यास मोठ्या मानाने दाखवितात.