विहीणबाई, जेवलात का?

आमच्या वरच्या मजल्यावरचे रेगेकाका लिफ्टमध्ये भेटले की "गुड मॉर्निंग" म्हणत नाहीत. मान एकदा वर, एकदा खाली करून विचारतात, "सिक् जो फान मेइ?" म्हणजे, जेवलात का? हे कँटोनीज आहे. इथे आखातात, मदिनत खलीफा भागातल्या आमच्या सबंध बिल्डिंगला एव्हाना ते पाठ झालंय.

काकांच्या मुलानं हाँगकाँगची मुलगी केली. विहीणबाईंना कँटोनीजखेरीज दुसरी भाषा येत नाही. लग्नात दोघं गाल दुखेपर्यंत एकमेकांकडे बघून नुसते हसत होते. पुढे व्हिडिओ कॉलवर बाई हात हलवायच्या आणि उठून जायच्या. काकांना ते फार लागलं. विहीण न बोलता उठून जाते म्हणजे आपला पाहुणचार कमी पडला, असा त्यांचा हिशेब.

मग त्यांनी 'सिक्', म्हणजे खाणं, हे एकच क्रियापद धरलं. "नाम बोटानं दाखवता येतं गं, क्रियापदाला तोंड लागतं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. सुनेनं बजावलं, नुसतं सिक् म्हणून भागत नाही, पुढे फान, म्हणजे भात, हवाच. आणि विचारायचं ते जेवणवेळेला. झालं, गडी पेटला. अल मन्सूरातल्या किराणा दुकानाच्या मल्याळी मालकाला इतक्यांदा विचारलं, की त्यानं बिचाऱ्यानं एकदा हातात केळं ठेवलं.

एका शुक्रवारी दुपारी काकांनी मला साक्षीला बसवलं. तिकडे रात्रीच्या जेवणाची वेळ. बाई हात हलवून उठणार, तोच काकांनी प्रश्न टाकला. बाई थबकल्या, खाली बसल्या, आणि जी सरबत्ती सुरू झाली म्हणता! शेवटी त्यांनी तोच प्रश्न काकांना उलट विचारला.

आता, काकू गेल्यापासून मी रोज विचारते आणि काका रोज म्हणतात, "हो हो, आत्ताच झालं." ओट्यावर एक खरकटं भांडं दिसेल तर शपथ. मराठीत थाप मारायचा सराव होता. कँटोनीजमध्ये अजून तिथवर पोचले नव्हते.

"मेइ," काका म्हणाले. अजून नाही.

विहीणबाई अशा काही तडकल्या, की भाषांतराची गरजच पडली नाही. ताट दिसेपर्यंत त्या जागच्या हलेनात. मी धावत खाली जाऊन वरणभात आणला. दोघं व्याही-विहीण कॅमेऱ्यासमोर पोटभर जेवले. मध्येच डोळे पुसून काका मला म्हणाले, "बघ, बसली की नाही?"

हल्ली संध्याकाळी मी जिन्यातून हाक मारते. मराठीत नाही हं. "सिक् जो फान मेइ?"

"मेइ," वरून उत्तर येतं, आणि काका आपलं ताट घेऊन खाली येतात.