न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं

आमच्या गल्लीत प्रश्न सुचायच्या आधी उत्तर मिळतं. ही सोय कांबळे सरांची.

सरांनी हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवलं. मग निवृत्त झाले, पण कागदोपत्री. शाळेनं त्यांना सोडलं, त्यांनी आम्हाला धरलं. सरांना भूक एकच, कुणीतरी काहीतरी विचारावं. कुणी विचारत नाही म्हणून ते आपणहून सांगतात. तुम्ही नुसतं "नमस्कार सर" म्हणा, सर 'लुक', 'सी' आणि 'वॉच' यांतला फरक सांगून मोकळे. अहो, मी दळण घेऊन चाललो होतो!

संध्याकाळी वर्ग दूध कट्ट्यावर. तिथं म्हैस समोर उभी असते आणि तानाजी गवळी धार काढून फेसाळ पेला थेट हातात देतो. एकदा पुण्याच्या पावण्यानं ऐटीत "टू ग्लास" मागितलं.

"ग्लासेस!" सर गरजले.

म्हैस बिथरली. पान्हा चोरला. पावणं कोरड्या तोंडानं गेलं, व्याकरण मात्र वाचलं.

तेव्हापासून आम्ही कट्ट्यावर खुणेनं दूध मागू लागलो. बोटं वर करायची, प्यायचं, सटकायचं. कोल्हापूरकर आणि गप्प! बघायला गर्दी व्हायची तेवढी राहिली.

सर मात्र खूश. "बघ तानाजी, सुधारली की माणसं! एक चूक न्हाय."

तानाजीच्या पोटात काही राहत नाही. "सुधारल्यात कुटली? तुमच्या भ्यानं गप हाइत. आनि कुनाचं अडलंच, तर फोन सांगतोय की."

"बरोबर सांगतोय?"

"येकदम."

सरांनी पेला खाली ठेवला, मिशी पुसली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. तिसऱ्याही नाही.

मग काय, कट्टा सुटला! 'टू ग्लास', 'थ्री ग्लास', सगळे बोंबलून चुकायला लागले. आठवडाभर चंगळ झाली. मग कुणी चुकलं की आपोआप सगळे सरांच्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघायचे, आणि कुणी ओरडायचंच नाही. च्यायला, चुकायची मजाच गेली. शेवटी तानाजीच मला म्हणाला, "तुमी शेजारी हाय न्हवं? जावा की. काय तर इचारून या."

गेलो. सर इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून बैठकीत बसले होते. कुठं जायचं नव्हतं, कुणी यायचं नव्हतं. एके काळी शंका घेऊन आलेल्या पोरांच्या चपलांनी हा उंबरा भरायचा आणि सरांच्या पत्नी, आमच्या बाई, चहा करून दमायच्या. गेल्या वर्षी बाई गेल्या. मी घाईघाईनं जे तोंडात आलं ते विचारलं.

"सर, बुधवारला इंग्रजीत नेमकं कसं म्हणायचं ओ?"

सर माझ्याकडं बघतच राहिले. "बँकेत जन्म घातलास आणि बुधवार म्हणता येत न्हाय?"

"न्हाय येत."

"फोनला विचार की."

"त्याला काय कळतंय, सर?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खुर्ची पुढं ओढली आणि एका बुधवारावर तासभर शिकवलं. मी मुद्दाम चुकत होतो, ते ओरडत होते, दोघांचंही झकास चाललं होतं.

निघालो तसे सर दारापर्यंत आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "अजून सहा वार ऱ्हायलेत, मर्दा. घाई नको. रोज एकच घेऊ."