टिटवीने पाय खाली घेतले

एका जंगलावर आभाळ होतं. हसू नका मुलांनो, आभाळ सगळ्याच जंगलांवर असतं हे मलाही ठाऊक आहे. पण या जंगलावरचं आभाळ पडत का नाही, हे फक्त तळ्याकाठच्या टिटवीला ठाऊक होतं. ती रोज पाठीवर निजायची आणि दोन्ही पाय वर करून ते तोलून धरायची.

आता आभाळ तोलायचं म्हटल्यावर झोप कुठली? डोळा लागला की पाय वाकायचे, पाय वाकले की ती दचकून उठायची. पिसं गळायला लागली. अंड्यांवर बसल्या बसल्या ती रडायची आणि का रडते, ते तिलाही सांगता यायचं नाही.

"तुला कमी काय आहे?" तिचे यजमान टिटवेराव विचारायचे. "तळं आहे, किडे आहेत, मी आहे. उगाच मनाला लावून घेतेस. जरा मोकळ्या हवेत जात जा."

टिटवी राहायचीच उघड्यावर. याहून मोकळी हवा ती आणणार कुठून?

त्याच तळ्यात कासवीणबाई राहायच्या. त्या थेरपी करायच्या. त्यांना सांगितलेलं त्यांच्या पाठीखालून बाहेर जात नसे. त्यांच्याकडे जावं, असं टिटवीला रोज वाटे. पण आधी अंडी फुटू देत, ती म्हणाली. मग पिल्लं उडू देत. मग म्हणाली, आधी जरा बरं तर वाटू दे, अशा अवतारात कसं जायचं?

खरी भीती वेगळीच होती. ती बरी झाली, तर आभाळ कोण धरणार?

शेवटी गेली एकदाची. "थेरपी सुरू करायला नाही आले हं," तिने आधीच सांगून टाकलं. "नुसतं विचारायला आलेय. माझ्या एका मैत्रिणीला झोप लागत नाही, पाय वर असतात म्हणून."

कासवीणबाईंनी मान जराशी बाहेर काढली. "मैत्रिणीला म्हणावं, एक दुपार पाय खाली घेऊन झोपून बघ. मग ठरव, यायचं की नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी टिटवी म्हणाली, "अहो, मी आज पाय खाली घेऊन झोपणार आहे."

"झोप की! मी कधीचा तेच सांगतोय."

तिने देवाचं नाव घेतलं आणि पाय खाली घेतले.

ती जी झोपली, ती उन्हं कलल्यावरच उठली. वर पाहिलं. आभाळ जागच्या जागी होतं. तिला आनंद व्हायला हवा होता, पण रडूच कोसळलं. मग इतकी वर्षं झोप मोडली ती कशासाठी?

तेवढ्यात शेजारून कण्हणं ऐकू आलं. टिटवेराव उताणे पडले होते. दोन्ही पाय वर, आणि पाय लटलट कापत होते.

"अहो, हे काय?"

"मला नाही तसलं काही वाटत," ते ओशाळून म्हणाले. "पण तू इतकी वर्षं धरतेस. म्हटलं, आजच पडायचं नेमकं. उठलीस ना? मग धर आता. माझे पाय भरून आलेत."

टिटवीला इतकं बरं आजवर कधीच वाटलं नव्हतं. म्हणजे मी वेडी नव्हते! आभाळ खरंच धरावं लागतं! तिने लगबगीने पाय वर केले. "तुम्ही पडा जरा," ती मायेने म्हणाली.

कासवीणबाईंना तिने निरोप धाडला, मैत्रिणीला आता बरं आहे. कासवीणबाईंनी मान आत घेतली.

तेव्हापासून दोघं पाळीपाळीने आभाळ धरतात.

तात्पर्य : आपल्या मनाचं दुखणं घरच्यांना समजावत बसू नये. ते त्यांना लागू द्यावं. दुखणं जात नाही, पण निम्मी झोप मिळते.