आत्याबाईंची हरवलेली कात्री

विद्यापीठ पाहायला जाण्याच्या सकाळी आत्याबाईंनी पिशवीत सर्वप्रथम घातली ती सुईदोऱ्याची डबी. घराबाहेर पाऊल टाकताना ती जवळ असावी, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम होता. कपडे शिवणाऱ्या बाईचे दुकान बंद असले, तरी डोळे उघडेच असतात. त्या दिवशी मात्र डबीखेरीज आणखी एक गोष्ट त्यांनी बरोबर घेतली होती, आणि तिचा कोणालाही पत्ता लागू दिला नव्हता. ती म्हणजे त्या विद्यापीठात मनसोक्त खोट काढण्याचा निश्चय.

भाऊ आणि भावजय गेल्यानंतर त्यांची तान्ही मुलगी आत्याबाईंच्या पदरात आली. शिलाईच्या यंत्राखाली ती यंत्रातल्या दोऱ्याच्या फिरकीसारखी अशी गरागरा फिरत रांगत असे, की तिचे नाव बॉबिन पडले आणि खरे नाव शाळेच्या हजेरीपुरते उरले. ती बॉबिन आता वनस्पतिशास्त्र शिकायला निघाली होती. ते शास्त्र शिकण्याच्या जागा दोन होत्या. एक महाविद्यालय इतके जवळ, की त्याचे फाटक दुकानाच्या खिडकीतून दिसे. दुसरे हे विद्यापीठ, बसने तीन तासांच्या वाटेवर. प्रवेशापूर्वी घरच्या माणसांनी एकदा येऊन सारे पाहून जावे, असे विद्यापीठाचे निमंत्रण होते.

"आत्या, तू नुसतं बघून तर घे," बॉबिन म्हणाली होती. "तुला नाही पटलं तर मी इथेच शिकेन. पुन्हा विषय काढणार नाही."

निवाडा असा आयता हाती आल्यावर आत्याबाईंना आनंद झाला, आणि त्या आनंदाची थोडी लाजही वाटली. पण लाजेपेक्षा आनंद अंमळ मोठाच होता.

विद्यापीठानेही त्यांना निराश केले नाही. पायऱ्या उंच निघाल्या, उपाहारगृहातला चहा कोमट निघाला. ग्रंथालयात एक विद्यार्थी जाडजूड ग्रंथ उघडून त्यावरच गाल टेकवून झोपला होता आणि शेजारची मुलगी त्याचे घोरणे ऐकत शांतपणे टिपणे काढत होती. हिरवळीवर दोन गट मासे झोपतात की नाही यावर हातघाईला आले होते. एका झाडाला कोणीतरी मोजे वाळत घातले होते. आत्याबाई प्रत्येक दृश्य मनाच्या कोठारात नीट रचून ठेवत होत्या. वसतिगृह त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवले होते. खोटींचे खरे भांडार तिथेच सापडणार, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

पाहुण्यांना वाट दाखवायला एक उंचच उंच विद्यार्थी नेमलेला होता. दुपारच्या नाटकात तो राजा होणार होता, म्हणून राजाचा तपकिरी अंगरखा त्याने सकाळपासूनच चढवला होता. वसतिगृहाच्या वाटेवर बॉबिन आणि तो पाणी आणायला म्हणून पुढे गेले. परतले तेव्हा अंगरख्याचे छातीवरचे बटण एका तंतूवर लोंबकळत होते.

आत्याबाईंनी नजर वळवली. नजर परत आली. त्यांनी झाडे पाहिली, आकाश पाहिले, आणि अखेर हार मानली.

"इकडे या, महाराज," त्या म्हणाल्या. "अशा छातीने राज्य करणार का?"

राजा आज्ञाधारकपणे पायरीवर बसला. दोरा झिजून तुटलेला नव्हता, चक्क कापलेला होता, हे आत्याबाईंच्या ध्यानात आले. पण नाटकवाल्यांच्या कपड्यांचे काय होईल ते सांगता येत नाही, असे म्हणून त्यांनी ते सोडून दिले. बटण लावून झाल्यावर डबीत पाहतात तो छोटी कात्री नाही. घरीच राहिली असणार. स्वतःच्या विसराळूपणाला चार शब्द सुनावून त्यांनी दोरा दाताने तोडला.

"तुझं चालू दे सावकाश. मी तोवर वसतिगृह बघून येते," असे म्हणून बॉबिन केव्हाच दिसेनाशी झाली.

आत्याबाईंना तिच्या मागे जायचे होते. परंतु राजाने हात उचलला आणि काखेतली शिवण उसवलेली दिसली. ती होते न होते तोच बाही हातात घेऊन राणी आली. राणीपाठोपाठ प्रधान आला. मग राजाने मान खाजवत सांगितले, की रंगमंचाचा पडदाही थोडा फाटला आहे. तो थोडा म्हणजे त्यातून म्हैस सहज आरपार गेली असती.

सुई टोचलेले कापड अर्धवट सोडायचे नाही, हे आत्याबाईंचे व्रत होते. शालीची गाठ पाठीमागे घट्ट मारून त्या पडद्याआड अंधुक उजेडात बसल्या, ते जड कापड त्यांनी मांडीवर घेतले आणि दुहेरी जाड दोऱ्याने टाके घालू लागल्या. पलीकडे सभागृह भरत होते, खुर्च्या सरकत होत्या. शेवटची गाठ मारून त्या समाधानाने उठल्या. पडदाही त्यांच्याबरोबर उठला.

शालीचे टोक पडद्याला शिवले गेले होते.

शिकाऊ मुलींच्या हातून अशी चूक झाली, तर आत्याबाई ती आठवडाभर गिऱ्हाइकांना हसून हसून सांगत. आता त्यांनी कात्रीसाठी डबी चाचपली आणि ती नसल्याचे आठवले. जाड दोऱ्यापुढे दातांचे काही चालेना, पाठीमागची गाठ घाईत सुटेना. इतक्यात घंटा झाली. पडद्याची दोरी धरलेल्या विद्यार्थ्याला वाटले, बाई कधीच गेल्या. त्याने पडदा ओढला.

पडदा निघाला, आणि त्याच्याबरोबर आत्याबाईही लगबगीने तिरप्या चालत निघाल्या. निम्म्या वाटेवर दोरी अडकली. सिंहासनावर राजा, शेजारी राणी, आणि दोघांच्या पुढे हातात सुई घेतलेल्या आत्याबाई, असा दरबार प्रेक्षकांना दिसला. हशा असा उसळला, की पहिल्या रांगेतल्या कुलगुरूंनी चष्मा काढून डोळे पुसले.

राजाने प्रसंगावधान राखले. तो उठून उभा राहिला आणि लवून म्हणाला, "राजमाता, आपण आमच्या राज्याची पाहणी केलीत. काय काय खोट दिसली, ती दरबारात सांगावी."

हा प्रश्न कोणी तरी विचारावा, म्हणूनच तर आत्याबाई सकाळपासून फिरत होत्या. त्यांनी पायऱ्यांपासून प्रारंभ केला. चहापाशी टाळ्या पडल्या, ग्रंथालयातल्या घोरण्यापाशी तर घोरणारा स्वतः उभा राहून वंदन करता झाला. पण आत्याबाईंना थांबवत नव्हते.

"आणि तुमची ही बटणं, या शिवणी. घरी कोणी नाही का रे तुमच्या?"

राजा संवाद शोधू लागला. तो सापडला नाही.

"आहे ना. आई आहे," तो साध्या आवाजात म्हणाला. "पण लांब आहे."

"मग बटण तुटलं की काय करता?"

"राणीकडे पिन असते." लोक हसले. तो हसला नाही. "आणि पहिल्या वर्षी मला दोन दिवस ताप होता, तेव्हा हा प्रधान दोन्ही रात्री उशाशी बसला होता. असंच चालतं आमचं."

प्रधानाला या प्रवेशात एकही वाक्य नव्हते. तो आपल्या पायांकडे पाहू लागला.

आत्याबाईंनी सभागृहात नजर फिरवली. बॉबिन हसत नव्हती. दोन्ही हात तोंडावर धरून ती आत्याकडे पाहत होती, आणि घाबरलेल्या तिच्या खांद्यावर शेजारच्या एका अनोळखी मुलीने हात ठेवला होता. वसतिगृहात नुकतीच भेटलेली असावी. तो हात आत्याबाईंनी बराच वेळ पाहिला. आजवर त्या खांद्यावर त्यांचाच हात असे.

"बरं," त्या म्हणाल्या. "चालू द्या राज्य."

शाल सोडवायला राजाने तलवार उपसली, पण ती पत्र्याची निघाली. उपाहारगृहातून सुरी येईपर्यंत पहिला अंक होऊन गेला, आणि तोवर राजमातेला सिंहासनाशेजारी बसवण्यात आले. कठीण प्रसंगी राजा तिच्याकडे पाही आणि ती मान हलवी.

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या.

"वसतिगृहाच्या खोल्यांच्या खिडक्या लागतात का नीट?" आत्याबाईंनी विचारले.

"लागतात. जरा जोर लावावा लागतो."

"मग लाव जोर. तिथेच जा शिकायला."

बॉबिनने त्यांच्या दंडावर कपाळ टेकले आणि ती पुष्कळ वेळ तशीच राहिली. आत्याबाईंना रुमाल हवासा झाला. आपला सापडेना म्हणून त्यांनी तिच्या पिशवीत हात घातला. हाताला रुमाल लागला नाही, कात्री लागली. पात्यांत तपकिरी दोऱ्याचा एक तंतू अडकला होता.

बॉबिनने डोळे उघडले आणि लगेच मिटले.

"मला वाटलं, तू एका बटणात गुंतशील," ती पुटपुटली. "तेवढ्यात, तू खोट काढायच्या आत, वसतिगृह उरकेल. पडदा माझ्या डोक्यातच नव्हता गं."

"आणि तो राजा?"

"त्याला विचारूनच कापलं. तो म्हणाला, त्याच्या आईलाही असंच कुठेतरी गुंतवावं लागलं होतं."

आत्याबाईंनी तो तंतू चिमटीने काढून टाकला. मग स्वतःच्या बाहीचे धडधाकट बटण त्यांनी आयुष्यात प्रथमच कापले आणि सुईत दोरा ओवून दोन्ही बॉबिनच्या हाती दिली.

"लाव हे. तिकडे प्रत्येक वेळी राणी सापडेलच असं नाही."

बस हेलकावे खात होती. बॉबिनने दोनदा बोट टोचून घेतले, तरी घर येईतो बटण लागले. ते वाकडे होते, आणि आत्याबाईंनी ते पुढे कधीही सरळ केले नाही. शेवटची गाठ मारून बॉबिनने दोरा कापला आणि कात्री परत देऊ केली.

"घे, आत्या. तुझी आहे."

"होती," आत्याबाई म्हणाल्या.