दवबिंदूला मिनरल वॉटर

कॉलेज सोडलं तेव्हा मी बाबांना ठणकावून सांगितलं, की वनस्पतिशास्त्र वर्गात नाही, मातीत शिकायचं असतं. (वाक्य आदल्या दिवशी बाथरूममध्ये तयार केलं होतं.) बाबांनी चाळीस वर्षं गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त केल्या, मातीशी त्यांचा संबंध चपलेपुरता. ते म्हणाले, "महिन्याभरात नोकरी मिळव. नाहीतर मुकाट्याने परत कॉलेजात."

मी नर्सरीवाल्या बाईंना गाठलं. त्यांनी दवबिंदूच्या दोन कुंड्या हातात ठेवल्या. "दलदलीतलं झाड आहे, किडे खातं. महिनाभर जगवून दाखव, नोकरी तुझी."

आई कुंड्यांकडे बघून म्हणाली, "आयतं खाणारा एक होताच घरात."

बाबा पानांवरचे चिकट थेंब निरखत बसले. मग दुकान बंद केल्यापासून पडून असलेला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन आले.

"बाबा, ही बॅटरी नाही."

"अरे, पाण्यात क्षार असले की प्लेटा खराब होतात."

"याला प्लेटा नाहीत, मुळं आहेत. मुळांना क्षार लागतात. पहिल्या वर्षालाच शिकवतात हे."

"मग एक कुंडी मला दे."

दिली. रिटायर माणसाला काहीतरी चाळा लागतो. माझ्या कुंडीला मात्र मी मिनरल वॉटर आणलं, वर चमचाभर खत. (आम्ही विज्ञानाची माणसं.)

तिसऱ्या आठवड्यात माझं झाड काळं पडलं. माश्या त्यावर बसायच्या, पाय पुसायच्या आणि निघून जायच्या. मी बाबांवर ओरडलो, की तुमच्या पिढीने साधी हवासुद्धा धड ठेवली नाही. बाबा चिमट्याने आपल्या झाडाला डास भरवत होते.

महिना भरला तशा बाई आल्या. माझी कुंडी त्यांनी एका बोटाने बाजूला सारली. बाबांची उजेडात धरली. पानापानावर थेंब चमकत होते.

"काका, पाणी कुठलं घातलंत?"

"बॅटरीत घालतो ते. डिस्टिल्ड."

"बरोबर. क्षारांनी मरतं हे झाड."

"ती कुंडीही मुळात माझीच," मी म्हणालो.

"सोमवारपासून याल?" बाईंनी विचारलं.

मी लगेच हो म्हणालो. त्या बाबांकडे बघत होत्या.

आता बाबा नऊला नर्सरीत जातात, मी साडेनऊला कॉलेजात. परवा सरांनी त्याच नर्सरीतून आणलेल्या कीटकभक्षी वनस्पतींचं प्रॅक्टिकल झालं आणि सरांनी मला एकट्याला थांबवून घेतलं. मी शर्ट नीट खोचला.

"तुझ्या वडिलांना," सर म्हणाले, "एखादं लेक्चर घ्यायला जमेल का?"